उंबऱ्याबाहेरची खुर्ची

त्या घराचं दार एका पुरुषानं उघडलं आणि मी चप्पल काढायच्या आधीच नाक मुरडलं. बाळंतिणीच्या घरी दार उघडते ती तिची आई, नाहीतर काकू, मावशी, अगदीच कुणी नसलं तर शेजारीण. इथं साठी ओलांडलेला एक गृहस्थ कमरेला टॉवेल खोचून उभा, हाताला कणीक लागलेली. मला वाटलं घर चुकलं. ते म्हणाले, या ताई, बाळाची आंघोळ व्हायचीय. मग मी आत गेले.

मी बाळंतिणींचं करते. शिकलेल्या पोरी मला 'डूला' म्हणतात, त्यांच्या सासवा 'मालिशवाली' म्हणतात, आणि सोयगावकडं माझी आई हेच काम करायची तेव्हा तिला सगळं गाव नुसतं 'बाई' म्हणायचं. नाव काही द्या, काम तेच. बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं, आईचं अंग चोळायचं, पोट बांधायचं, पाजायला शिकवायचं, आणि सव्वा महिना त्या पोरीला आपल्याला कुणीतरी विचारणारं आहे असं वाटू द्यायचं. शेवटचं सगळ्यात अवघड. ह्याआधी वीस वर्षं मी एका प्रसूतिगृहात आया होते. त्यामुळं माझ्या बोलण्यात डॉक्टरकीचे चार शब्द असतात आणि ते नको तिथं वापरायची मला खोड आहे. पुढचं सगळं त्या खोडीनंच घडवलं.

घर गारखेड्याकडं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. लेक त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही अण्णाच म्हणू लागले. चितेगावच्या एका कंपनीत ते फिटर होते, आता रिटायर. बायको चार वर्षांपूर्वी गेलेली, लेक एकुलती एक. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही आपल्याकडची रीत, पण ह्या माहेरात बाईच नव्हती. लेकीची सासू शेंद्र्याची. तिनं आधीच सुचवलं होतं की आम्हीच करतो, व्याह्यांना कशाला त्रास. अण्णांनी "लेक माझी हाय, मी करतो" एवढंच उत्तर दिलं. सासूनं ते मान्य केलं, पण अट घातली: काही कमी-जास्त झालं तर त्याच दिवशी गाडी घेऊन येईन आणि सून नि बाळ दोघांना घेऊन जाईन.

ही अट लेकीनं मला पहिल्याच दिवशी, पाठीला तेल लावताना सांगितली. तिला इथंच राहायचं होतं. स्वतःसाठी थोडं, अण्णांसाठी जास्त. आई गेल्यापासून ते घुम्यासारखे टीव्हीपुढं बसून असायचे, आता पहिल्यांदा त्यांनी कशात तरी मन घातलं होतं.

आणि घातलं होतं ते असं तसं नाही. बायकोच्या जुन्या सुती साड्या त्यांनी तीनदा धुऊन, कडक उन्हात वाळवून लंगोटांसाठी कापल्या होत्या, लोखंडी टेपनं मोजून. एक लंगोट दुसऱ्यापेक्षा सूतभर मोठा नव्हता. नळाला पाणी आठवड्यातनं एकदा, त्यामुळं सगळ्या घरात ड्रम भरलेले, आणि एका झाकणाच्या पिंपावर खडूनं 'बाळाचं' असं लिहिलेलं. त्या पिंपातला तांब्या दुसऱ्या कुठल्या पाण्यात बुडायचा नाही. डिंकाचे लाडू त्यांनी कुणाला तरी फोनवर विचारून केले होते. पाक इतका कडक झालेला की लेकीनं पहिला लाडू उंबऱ्यावर आपटून फोडला. मी म्हटलं, अण्णा, हे कंपनीत द्या, बेअरिंगच्या जागी बसतील. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मऊ लाडूंचा नवा डबा तयार होता.

असल्या माणसाला मी काय सांगावं? पहिल्या दिवशी बाळ न्हाऊन दुपट्यात गुंडाळून झालं, तेव्हा ते कौतुकानं डोकावले. एक पाय उंबऱ्याच्या आत. मी तोंडाचा पट्टा सोडला. सव्वा महिना बाप्या माणसानं ह्या खोलीत यायचं नाही, ताट दारातनं द्यायचं, बाळ बघायचं असेल तर मी बाहेर आणून दाखवीन. त्यांनी पाय मागं घेतला. का, असं विचारलं नाही, पण चेहऱ्यावर तो प्रश्न होता. म्हणून मी माझा ठेवणीतला शब्द काढला. म्हटलं, इन्फेक्शन होतं.

खरं काय ते आता सांगते. तो नियम माझ्या आईचा होता आणि तिच्या आईचा. आमच्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हा घरातले देव पोत्यात भरून नदीत सोडले. आमच्याकडं पाचवी पुजत नाहीत, सटवाई नाही, विटाळ नाही. कुणाकडं बाळंतिणीच्या उशाखाली विळा दिसला की मी तो उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवते. भर उन्हाळ्यात खोलीत शेगडी पेटवली असली की विझवते, पोरींच्या कानांना बांधलेली फडकी सोडते, आणि हे करताना चार वाक्यं ऐकवतेही. ह्या बाबतीत मी नाकानं कांदे सोलते हे मला ठाऊक आहे. पण पुरुषाला बाळंतिणीच्या खोलीत येऊ द्यायचं नाही, हा एक नियम आईच्या हातनं माझ्या हातात आला आणि मी तो कधी उलटा करून बघितलाच नाही. विटाळाचं नाव टाकलं, इन्फेक्शनचं नाव लावलं, आत नियम तोच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

दुसरा कुणी बाप असता तर चार दिवसांत विसरला असता. अण्णा पडले फिटर. कंपनीत मशिनभोवती पिवळी पट्टी आखलेली असते, काम नसताना तिच्या आत पाय टाकायचा नाही, हे त्यांनी सगळी नोकरी पाळलेलं. त्यांनी प्लास्टिकची एक खुर्ची आणली आणि उंबऱ्यापासून वीतभर लांब ठेवली. दाराला पडदा होता. पडद्याच्या आत आम्ही, बाहेर ते. लसूण सोलायचे तिथं, शेपू निवडायचे तिथं, पेपर वाचायचे तिथं. ती खोली मुळात त्यांचीच, त्यांची आणि बायकोची. लेकीसाठी रिकामी करून ते बाहेर दिवाणावर झोपत होते. स्वतःच्या खोलीचा उंबरा त्या माणसानं पंधरा दिवस ओलांडला नाही. मला ते फार शिस्तीचं वाटलं. दुसऱ्या दोन घरी मी त्यांचं कौतुकसुद्धा केलं.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी मी सोयगावला गेले, भावाच्या मुलीचं लग्न होतं. दोन दिवसांचा खाडा. लेकीला समजावून सांगितलं की बाळाला आंघोळ नको घालूस, नुसतं ओल्या फडक्यानं पूस, आणि दोन्ही अंगांना आलटून पालटून पाज. बदली बाई बघितली नाही. दोन दिवसांनी काय होतंय, असं वाटलं. लग्नाच्या दुपारी पंगत बसलेली असताना अण्णांचा फोन आला. कधी येताय, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, परवा सकाळी येते म्हणून सांगितलं होतं ना. मांडवात बँड वाजत होता, पण माझा आवाज चढला होता तो काही बँडमुळं नाही. ते म्हणाले, बरं, काय नाय, सहज केला. मी परत पंगतीत बसले आणि आणखी एक जिलबी घेतली. ती जिलबी मला अजून आठवते.

परतले ती सकाळच्या पहिल्या गाडीनं, आणि स्टँडवरनं थेट त्यांच्याकडंच गेले. अण्णा खुर्चीवर नव्हते. खुर्चीच्या मागं उभे होते, दोन्ही हातांनी तिची पाठ धरून. खुर्चीवर झाकलेलं ताट होतं. ते रात्रीचं आहे, तिनं घेतलंच नाही, असं त्यांनी सांगितलं.

मी पडदा सारला. एप्रिल महिना, भिंती सकाळीच तापलेल्या, आणि पोर पंखा बंद करून, दोन चादरी अंगावर घेऊन कुडकुडत होती. बाळ कुशीत रडून रडून थकलेलं. पोरीच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला. कपडे बाजूला करून बघितलं, डावी छाती लालभडक आणि एका जागी दगडासारखी गाठ. दूध साकळलं होतं. दुखतं म्हणून तिनं त्या बाजूनं पाजायचं थांबवलं, आणि थांबवलं म्हणून आणखी साकळलं. असं मी पुष्कळ पोरींचं बघितलंय. पहिल्या दिवशी कळलं तर शेकून, हलक्या हातानं चोळून, बाळालाच पाजून मोकळं होतं. इथं दोन दिवस वाया गेले होते.

मी तिला झापणार होते, पण तिनं आधीच माझं मनगट धरलं.

"अण्णांना सांगू नका, मावशी. ते शेंद्र्याला फोन करतील. मग सासूबाई मला घेऊन जातील, आन् अण्णांच्यानं झालं नाय असं होईल."

दोन दिवस ती पडद्याआडनं बापाला झोप येतेय, भूक नाही, असं सांगत राहिली होती. ताकास तूर लागू दिली नाही, अशी तिची समजूत.

मी बाहेर आले आणि सगळा राग अण्णांवर काढला. घरात माणूस आहे का खांब, पोर तापानं फणफणलीय आणि तुम्ही इथं ताट झाकून उभे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग खाली बघत, हळू आवाजात बोलले.

"परवा दुपारपास्नं बाळाचं रडणं बदललंय. आधी लगीच धरायचं, आता झगडतंय. पाजायला घेतलं की ही श्वास आत वढती. एकाच अंगाला घेती ती. मला ऐकू येतं."

त्यांनी मला कधीतरी सांगितलं होतं की कंपनीत चालू मशिनच्या बेअरिंगला ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावायचे, मूठ कानाला टेकवायचे, आणि कुठलं बेअरिंग जाणार ते आठ दिवस आधी सांगायचे. मी ते बढाईत जमा केलं होतं. आता कळलं की त्या खुर्चीवर बसून त्यांना खोलीतलं सगळं समजलं होतं. तापसुद्धा. पहाटे तिचे दात वाजत होते तेही त्यांनी ऐकलं होतं.

"मग आत का नाय गेले?" मी विचारलं.

"तुमीच सांगितलं व्हतं." त्यात राग नव्हता, मला बोल लावायचा म्हणूनही ते बोलले नाहीत. "इन्फेक्शन होतं म्हणून. मला वाटलं, आधीच तिला काय तरी झालंय, त्यात मी गेलो आन् आणखी वाढलं तर?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मांडवातल्या फोनचं तर त्यांनी नावही काढलं नाही. तो मला माझाच आठवला. लेकीच्या छातीचं दुखणं एका परक्या बाईला, तेही लग्नाच्या गलबल्यात, कुठल्या तोंडानं सांगायचं हे त्यांना उमगलं नसणार, आणि मी त्यांना सांगायला जागाही ठेवली नव्हती. बाप दाराबाहेर, लेक दाराच्या आत, दोघं एकमेकांना जपत बसलेले, आणि मधला पडदा मी लावलेला.

मी म्हटलं, आत या.

ते आधी मोरीत गेले. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. मग उंबऱ्याशी येऊन थांबले आणि माझ्याकडं बघून विचारलं, येऊ का? मी पडदा दांडीसकट काढून कोपऱ्यात टाकला. लेकीनं त्यांना बघितलं आणि दोन दिवस धरून ठेवलेलं सगळं तिच्या हातनं सुटलं. ती हमसून हमसून रडायला लागली. अण्णांना हात कुठं ठेवावा ते कळेना. शेवटी त्यांनी तो तिच्या कपाळावर ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि रिक्षा आणायला गेले.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, पाजणं बंद करू नका म्हणून बजावलं, आणखी एक दिवस गेला असता तर चिरा द्यावा लागला असता असंही सांगितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, मावशी, तुम्ही असताना असं कसं? इतक्या वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी अण्णांनी शेकायचं पाणी तापवलं, फडकी पिळून दिली. मी गाठ चोळत असताना ते आमच्याकडं पाठ करून, बाळाला छातीशी धरून उभे राहायचे. संध्याकाळी ताप थोडा उतरला. तेव्हा लेक परत म्हणाली की शेंद्र्याला नका कळवू. मला तिचं पटत होतं आणि नव्हतंही. लपवालपवीनंच इथवर आणलं होतं. शिवाय उद्या दुसऱ्याच कुणाकडून कळलं असतं तर खापर अण्णांवर फुटलं असतं. मी त्यांच्याच फोनवरनं विहीणबाईंना फोन केला आणि या म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी दारात उभी. जमीन कंपन्यांत गेली तरी उरलेल्या दोन एकरांवर स्वतः जाणारी ती बाई, बोलायला तुटक. लेक भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पांढरा. अण्णा स्वयंपाकघरात भांडी उगाच इकडची तिकडं करत होते. विहीणबाईंनी पदर खोचायच्या आत मी बोलायला सुरुवात केली.

"चूक अण्णांची नाय, माझी हाय. मीच त्यांला आत जाऊ दिलं नाय. त्यांला सगळं कळलं व्हतं, पण माझ्या शब्दापायी ते बाहेर बसून राहिले. काढायचं आसंल तर मला कामावरनं काढा, पोरीला नेऊ नका."

त्यांनी विचारलं, बाहेर म्हणजे कुठं. मी खुर्ची दाखवली. खुर्चीखाली आदल्या आठवड्यातली लसणाची टरफलं अजून होती. त्यांनी वाकून एक टरफल उचललं.

"तीन बाळंतपणं झाली माझी," त्या म्हणाल्या. "दारात कुणी बसलेलं मला आठवत नाय."

आत जाऊन सुनेच्या कपाळाला हात लावला, नातीला मांडीवर घेतलं. अण्णांनी ताट वाढून आणलं, भाकरी आणि शेपूची भाजी. त्या जेवल्या, आणि जेवून उठताना म्हणाल्या की व्याही, मीठ कमी पडलंय. मग बारशाचं बघू म्हणून गेल्या. गाडी आली तशीच मोकळी परत गेली. अण्णा दारात उभे होते, आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. ते भाजीत मीठ चाखायला गेले.

पुढचे दिवस बरे गेले. गाठ विरली, दूध नीट सुरू झालं. मी अण्णांना बाळाला न्हाऊ घालायला शिकवलं, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून, पाटावर बसून, पाय लांब करून, बाळ नडग्यांवर पालथं. पहिल्या दिवशी ते इतके ताठ बसले की पाय कुणाचे आणि पाट कुठला ते कळेना. लेक बघून हसत होती. पाणी डोक्यावर पडलं की बाळ गप व्हायचं आणि अण्णांचा श्वास अडकायचा. हिला कधी अशी न्हाऊ घातली नाही, असं त्यांनी एकदा लेकीकडं बघत सांगितलं. तेव्हा डबल ड्युटी असायची, घरी यायचे तोवर पोर न्हाऊन झोपलेली असायची. बोलताना हात मात्र थांबला नाही.

एक गोष्ट काही सुटली नाही. खोलीत येताना ते दर वेळी थांबायचे. हात धुतलेले, पाय उंबऱ्याबाहेर, आणि येऊ का म्हणून विचारायचे, लेकीला नाही, मला. मी दहादा सांगितलं, अण्णा, विचारू नका, तो नियम माझा होता आणि तो चुकीचा होता. ते हो म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी परत विचारायचे. एकदा मी वैतागून बोलले तर म्हणाले, सवय झाली.

बारसं झालं, सव्वा महिना भरला, आणि जावई गाडी घेऊन आले. अण्णांनी लंगोटांची घडी, लाडवांचा डबा, तेलाची बाटली, सगळं एका पेटीत पॅक केलं होतं, मधे कागद घालून, काही हलणार नाही असं. लेक गळ्यात पडून रडली. ते रडले नाहीत, बाळाच्या टोपड्याची नाडी नीट बांधली आणि गाडीचं दार लावलं. गाडी वळेपर्यंत रस्त्यात उभे राहिले.

मी खोलीत माझ्या पिशवीचं आवरत होते. पलंगावरची चादर काढलेली, पाट भिंतीला उभा केलेला, खुंटीवर एक लंगोट राहून गेलेला. मागं मोरीत पाणी वाजलं. मी वळून बघितलं तर अण्णा उंबऱ्याबाहेर, खुर्चीच्या शेजारी उभे होते. हात कोपरापर्यंत ओले होते.

"ताई," ते म्हणाले, "येऊ का आत?"

खोली त्यांची होती. आत कुणी बाळंतीण नव्हती, बाळ नव्हतं. त्यांच्याच खोलीत त्यांना 'या' म्हणणारी मी कोण? मी पिशवी उचलली, बाहेर येऊन ती खुर्ची बाजूला केली आणि त्यांना वाट दिली.